एकोणिसाव्या वर्षानंतर

ताईला सगळे ताई म्हणत, ते काही वयाला धरून नव्हतं. पन्नाशी जवळ आली होती, जिना चढताना गुडघे कुरकुर करायला लागले होते, तरी तेरा वर्षांच्या पोरीपासून चर्चमधल्या साठीच्या पाळकांपर्यंत सगळ्यांची ती ताईच. मुख्य कचेरीनं तिला तरुण संघांच्या कामावर घेतलं तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. अकरा गावांत अकरा लहान ख्रिस्ती मंडळ्या. पाळीपाळीनं प्रत्येक ठिकाणी जायचं, शनिवारी पोरांना गोळा करायचं, गाणी शिकवायची, बायबलच्या वचनातलं काही समजावून सांगायचं, कुणी कोपऱ्यात गाठून रडलं तर ऐकून घ्यायचं, रविवारी देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, उपासनेत बोलायचं आणि सोमवारची पहिली बस धरायची; मधले वारही घरभेटींत आणि शिबिरांत जायचे. हे तिनं सव्वीस वर्षं केलं.

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. शांत माणूस. दिवसभर डोळ्यांना भिंग लावून बसायचा, आणि घरी आला की बायको कधी असायची, कधी नसायची. एकदा तिची बॅग दारात बघून तो म्हणाला होता, "माझ्यापेक्षा ही तुझ्याबरोबर जास्त राहिलीय. हिच्याशीच लग्न लावून द्यायला हवं होतं." दोघं पोट धरून हसले होते, पण त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. लोक म्हणत, "अकरा गावची पोरं तुमचीच की!" ताई हसून मान हलवायची. सुरुवातीला ते हसणं खरं असायचं.

प्रत्येक गावात तिला एक गोष्ट सांगावीच लागे, ती म्हणजे तिची साक्ष. प्रभूनं मला कशी हाक मारली, ते. एकोणिसाव्या वर्षी ती परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाली. वडिलांनी बोलणं टाकलं. मग एक दिवस कुणाला न सांगता दोन कपडे पिशवीत कोंबून ती स्टेशनवर जाऊन बसली. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं. बाकावर शेजारी एक म्हातारी नर्स येऊन बसली, ड्युटी संपवून घरी निघालेली. तिनं काही विचारलं नाही. आपला अर्धा पाव मोडून दिला, डोक्यावर हात ठेवून दोन ओळींची प्रार्थना केली, आणि तिची गाडी आल्यावर निघून गेली. ताई घरी परतली. पुढच्या रविवारी ती देवळात जाऊन पहिल्या बाकावर बसली.

एवढंच. पण ताई ते सांगायची तेव्हा मोठी माणसंही डोळे पुसायची. आता तिला ते सांगायला डोकंसुद्धा लागत नसे. पावापाशी आवाज खाली आणायचा, गाडीपाशी थांबायचं, मनात तीन आकडे मोजायचे आणि मग पुढचं वाक्य. जीभ आपली आपण चालायची आणि त्या वेळात ताई मनाशी विचार करायची, की बसला खिडकीची जागा मिळेल का, आणि मोजे वाळले असतील का. प्रार्थनेचंही तसंच झालं होतं. दुसऱ्यासाठी करायला सांगितली तर शब्द नळासारखे यायचे. एकटी बसली की काहीच यायचं नाही. ती थोडा वेळ डोळे मिटून बसायची आणि मग उठून बॅग भरायची. असं कधीपासून झालं ते तिला सांगता आलं नसतं. ते एका दिवसात झालेलं नव्हतं.

त्या शनिवारी ती अकरांतल्या सगळ्यात लहान मंडळीत गेली. साडेपाच तासांचा प्रवास, शेवटचा रस्ता उखणलेला. संघाची खोली देवळाच्या मागच्या बाजूला होती. घडीच्या खुर्च्या, एका पायानं लंगडं टेबल, भिंतीवर मागच्या वर्षीच्या शिबिराचा फोटो. नऊजण आले होते. त्यांत दोघं सख्खे भाऊ होते आणि ते एकमेकांशी बोलत नव्हते. गाणी झाली. खेळ झाला. मग पाळक मागं खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ताई, आता तुमची साक्ष. नवीन तिघं आहेत."

ताई उभी राहिली. परीक्षा झाली, पिशवी झाली, स्टेशन आलं.

"तेवढ्यात निळा कोट घातलेली एक म्हातारी बाई माझ्या शेजारी येऊन बसली," ती म्हणाली.

"मागच्या वेळी राखाडी होता," पुढच्या रांगेतून आवाज आला.

पोरं हसली. बोलली ती संघाची चिटणीस होती, सतरा-अठरा वर्षांची उंच पोरगी. बेकरीत सकाळची पाळी करायची, आणि तिच्या बाहीला अजून पीठ होतं. खोडी काढायला म्हणून ती बोलली नव्हती. हजेरीची वही लिहिणाऱ्या माणसाला चूक दिसली की राहवत नाही, तसं तिचं झालं होतं.

ताईही हसली. पण हसता हसता तिच्या लक्षात आलं की खरा रंग कोणता ते आपल्याला आता माहीतच नाही. कुठल्या तरी गावात निळा बरा वाटला म्हणून निळा म्हटला असेल, आणि मग तोच चिकटला. त्या बाईचा चेहरा आठवायला गेली, तर चेहराही सापडेना. स्वतःच्याच तोंडची वाक्यं तेवढी आठवली.

तिनं कशीबशी गोष्ट संपवली. पाळकांनी विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?"

चिटणीस पोरीनं हात वर केला. "ताई, मग पुढं काय झालं?"

"पुढं म्हणजे? मी घरी गेले."

"ते कळलं. तुम्ही तेव्हा एकोणीसच्या होतात. मी हे तीनदा ऐकलंय, तिन्ही वेळा ते तिथंच संपतं. त्याच्यानंतर देवानं तुमचं काय केलं?"

ताईकडे अशा वेळेला द्यायची उत्तरं होती, एक सोडून दहा. त्याऐवजी तिनं जवळची एक खुर्ची ओढली आणि खाली बसली.

"मला माहीत नाही गं," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही. मी दमलेय."

मग ती बोलत गेली. "माझे वडील गेले तेव्हा मी शिबिरात होते. साठ मुलं होती. निरोप आला, पण मी गेले नाही, शिबिर पुरं केलं. सगळ्यांनी पाठ थोपटली. दोन वर्षं मी तेही सगळीकडे सांगत फिरले, की प्रभूसाठी मी काय सोडलं. मग एक दिवस ते तोंडातून निघेना. वडील माझ्याशी परत बोलायला लागले होते. रोज फोन करायचे. मी जायला हवं होतं."

बोलत नसलेल्या दोन भावांपैकी धाकटा खाली बघत होता.

"मग तुम्ही येत का राहता?" चिटणीस पोरीनं विचारलं.

"वेळापत्रक येतं म्हणून," ताई म्हणाली. पोरं हसली. तिलाही हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळे भरले. मग कुणाला काय करावं ते सुचेना, म्हणून सगळ्यांनी खुर्च्या मिटायला घेतल्या.

पाळकांनी चहा होईपर्यंत धीर धरला. स्वयंपाकघरात कप पुढं सरकवून ते म्हणाले, "ताई, राग मानू नका. पण पोरांसमोर असं बोलायचं नसतं. त्यांना आधार लागतो."

"मलाही लागतो," ताई म्हणाली.

पाळक वाईट नव्हते. "उद्याचा उपदेश मीच करतो," ते म्हणाले. "तुम्ही बसा."

ती शिक्षा होती की दया, ते ताईला कळलं नाही. त्यांनाही बहुधा माहीत नसावं. रविवारी ती तिसऱ्या बाकावर बसली, हातात काही काम नसलेली. पाळकांचा उपदेश लांबलचक होता. दुसऱ्या मुद्द्यापाशी ताईची मान लवंडली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ती देवळात गाढ झोपली. शेवटच्या गीताला चिटणीस पोरीनं कोपरानं ढोसलं, "ताई, उठा, उभं राहायचंय." ताई दचकून उठली आणि भलतंच कडवं गायला लागली. मागचे दोघं-तिघं खुसखुसले. तिला लाज वाटायला हवी होती. पण झोप मात्र बरी लागली होती.

सोमवारी गावी उतरल्यावर ती घरी न जाता थेट दुकानात गेली. नवऱ्यानं भिंग वर केलं.

"मला आता होत नाही," ती म्हणाली.

त्यानं हातातली काच फडक्यावर ठेवली. "हे ऐकायची किती वर्षं वाट बघतोय, माहितेय?"

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर म्हणाली असतीस, मी प्रभूच्या आड येतोय."

म्हणालीच असती. दोघांनाही ते ठाऊक होतं. मालक आत होता, म्हणून तो एवढंच म्हणाला, "बस जरा. सहाला सुटतो मी." ती गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसून राहिली, समोर भिंतीवर लहान लहान होत गेलेली अक्षरं.

मुख्य कचेरीला तिनं पत्र लिहिलं. तिथले सचिव भले गृहस्थ, पण त्यांचं उत्तर गोलमोल होतं. सेवेतून कुणी निवृत्त होत नसतं, महिनाभर विश्रांती घ्या, आम्ही प्रार्थनेत आठवण ठेवू. ताईनं परत लिहिलं, की विश्रांती नको, गावं कमी करा. चार पत्रं गेली, चार आली. शेवटी अकरांची चार गावं झाली. उरलेली सात कुणाकडे गेली? कुणाकडेच नाही. त्याची बोच ताईला राहिली, पण पहिल्यासारखी बॅग उचलून ती धावत सुटली नाही.

फार काही पालटलं असं म्हणता येणार नाही. चार गावांचेही रस्ते लांबच होते. घरात आठवड्यातले चार-चार दिवस दोघांनी कसं राहायचं, ते नव्यानं शिकावं लागलं. तो सकाळी रेडिओ मोठा लावतो, हे तिला इतक्या वर्षांनी कळलं. रेडिओवरून त्यांचं भांडण झालं, आणि ते बरेच दिवस टिकलं. एकांतातली प्रार्थना अजून नीट जमत नव्हती. कधी ती एवढंच म्हणायची, "प्रभू, आज पाय दुखतात," आणि पुढं काही नाही. पण हे निदान खरं होतं, म्हणून ती तेवढंच म्हणत राहिली.

ती स्वतःच्या गावच्या देवळात, ज्या मंडळीचं नाव तिच्या ओळखपत्रावर सव्वीस वर्षं होतं, बऱ्याच काळानं एका साध्या रविवारी गेली. नवऱ्याला सायकल लावायला वेळ लागला, म्हणून ती पुढं झाली. दारात नवीन स्वयंसेवक उभे होते. त्यांतल्या एकीनं गोड हसून तिच्या हातात छापील चिठ्ठी ठेवली. "वेलकम! पहिल्यांदाच आलात ना? इथं नाव आणि पत्ता लिहा, पाळक भेटायला येतील घरी."

ताई सांगणार होती. मग तिच्या मनात आलं, की पाळक आपल्या घरी शेवटचे कधी आले होते? तिनं पेन मागून घेतलं, भिंतीला कागद टेकवला आणि सावकाश पत्ता लिहिला. "भेटायला कधी यावं" असा एक रकाना होता. त्यात तिनं लिहिलं, मंगळवार, संध्याकाळी सहानंतर, आम्ही दोघंही घरी असतो.