बोटभर वर थांबलेला हात

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी शाळेत गणित शिकवते. कुणाच्या अंगात आलं की मी आधी त्याला पाणी देते आणि सावलीत बसवते. तरी हे लिहिते आहे, कारण घडलं ते भर दुपारी, आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

एकाहत्तरचा उन्हाळा. आमचे हे पुण्याला इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. सुटीत नगरला धाकट्या दिरांच्या वर्कशॉपमध्ये त्यांचा यंत्रमानवाचा उद्योग चाले. यंत्रमानव म्हणजे नुसता एक लोखंडी हात — पत्रा उचलून प्रेसखाली ठेवणारा, म्हणजे कामगारांची बोटं वाचतील. नामदेवभावजींची दोन बोटं प्रेसमध्येच गेलेली. पण हा हात ठार आंधळा. खुंट्या ठोकलेला एक ड्रम फिरे, आणि खुंटी सांगेल तसा हात हले... खाली काहीही असो.

त्या वर्षी ह्यांना एम. ई.साठी विद्यार्थी मिळाले नसते, तर कॉलेजने हे काम बंदच केलं असतं. दोन मुलं बघायला आली. एक पाथर्डीचा, दुसरा अकोले तालुक्यातला भास्कर.

"दादा, आधी च्या तरी पाजा पोरान्ला," भावजी म्हणाले.

"चहा नंतर. आधी हात."

हात सुरू झाला. पत्रा उचलून वळला. भास्कर गिअर बघायला वाकला, त्याचा तोल गेला आणि सावरताना पंजा नेमका खालच्या टेबलावर टेकला. हे स्विचकडे धावले, पण पोचले नाहीत. हात खाली आला — आणि भास्करच्या बोटांच्या बोटभर वर थांबला. ड्रम फिरतच होता. भास्करने पंजा काढला, तसा हात दाणकन टेबलावर बसला.

पाथर्डीचा मुलगा घाम पुसत म्हणाला, "सर, माझी एस.टी. चुकंल."

तो गेला. आम्ही सगळं खोलून पाहिलं. कुठे काही अडकलेलं नव्हतं. मग पुन्हा थांबतो का बघायला वांगी आणून टेबलावर ठेवली आणि हात चालू केला. एकूण एक चेचली गेली.

"वहिनी, भरीत झालंय, फक्त भाजायचं राह्यलंय," भावजी म्हणाले.

"थांबला हे बरंच झालं की," मी म्हणाले.

"अगं, सांगितलेलं न करणारं यंत्र काय कामाचं? उद्या नको तिथे चालू लागलं तर?" हे चिडलेच.

भास्कर बोटं चोळत बसला होता. "सर, मी येतो तुमच्याकडं. पण विषय माझा. ह्याला थांबवायचं कसं, तेवढाच."

दोन वर्षं त्याने तेच केलं. आता हाताला खालून एक पट्टी आहे. तिला काही टेकलं की मोटार बंद. ह्यांच्याकडे आणखी विद्यार्थी आले, काम जोरात आहे, घरात शांतता आहे. हात आज का थांबतो, ते भास्कर फळ्यावर काढून दाखवतो. त्या दुपारी का थांबला, असं विचारलं की खडू खाली ठेवतो.