चमच्याची जन्मतारीख

आमच्या घरात चमच्यालाही जन्मतारीख आहे.

भांडं दुकानातून आलं की त्यावर नाव, गाव आणि तारीख घातल्याशिवाय ते आमच्याकडे वापरात येत नाही. हे काम मी दुकानदारावर सोपवत नाही. इचोड्याच्या बाजारात नावं घालायची एकच मशीन होती, आणि ती ज्याच्याकडे होती तो माझा जुना विद्यार्थी. त्याचं अक्षर शाळेत जसं होतं तसंच स्टीलवर उतरायचं, म्हणून दर वेळी मी मशीनच घरी घेऊन यायचो. मी तीस वर्षं मराठी शाळेत मास्तर. माझं फळ्यावरचं अक्षर बघायला बाहेरगावचे शिक्षक येत. (दोनदा आले. त्यातल्या एकदा त्यांची बस चुकली होती.)

यामागचं कारण आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जरा बेतानं हसाल. माझी आई नार्नूरकडे दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची. घरात जर्मनचं एक भगुणं, तेही पोचे पडलेलं. पहिल्या पगारात मी तिला स्टीलचं ताट घेतलं आणि त्यावर तिचं नाव घालून आणलं. तिला वाचता येत नव्हतं. ती अक्षरांवरून बोट फिरवायची आणि येईल त्याला ते ताट दाखवायची, बहुतेक वेळा उलटं धरून. तेव्हापासून भांड्यावरचं नाव ही माझ्या दृष्टीनं साधी गोष्ट राहिलेली नाही.

तर आमची एकुलती एक मुलगी सुजाता, शिकून नर्स झालेली, ऑस्ट्रेलियाला निघाली. कायमची. जावई सहा महिन्यांपूर्वीच तिकडे गेले होते आणि कागदाच्या ताटलीत जेवत होते. निंदणाऱ्या बाईची नात समुद्रापलीकडे संसार थाटणार, या विचारानं माझी छाती इतकी फुगली होती की शर्टाचं वरचं बटण लागत नव्हतं. हैदराबादची एक कंपनी लाकडी पेटीत भरून घरचं सामान जहाजानं पाठवणार होती.

"पोरगी काय रिकाम्या हातानं जाईन?" असं म्हणून माझी बायको शकुंतला बाजारात गेली आणि एक्केचाळीस भांडी घेऊन आली. मी दोन दिवस मांडी घालून बसलो. प्रत्येक भांड्यावर घातलं: 'चि. सुजाता हिस आई-बाबांकडून सप्रेम, इचोडा, जि. आदिलाबाद (आं. प्र.)'. खाली त्या दिवसाची तारीख. चमच्यांवर जागा नव्हती, तिथे नुसतं 'सु.' आणि तारीख.

"बाबा, चमच्याले तारीख कायले?" सुजातानं विचारलं.

"पुढं लोकाले कळाले पाह्यजे."

लोकांना कळलंच, ते पुढे येईल.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस, श्रीनिवास, सामान बघायला आला. कागदात गुंडाळलेली भांडी त्यानं वरवर बघितली आणि तोंड वाकडं केलं.

"सार, ये सब नया है. उधर का कायदा अलग है. घर का सामान एक साल वापरा हुआ होना. नया रहा तो ड्यूटी लगती, पेटी रोक लेते."

"रोक लेते मतलब?"

"मतलब बेटी उधर, बर्तन गोदाम में."

दहा दिवसांनी ट्रक आणतो असं सांगून तो गेला. शकुंतला मटकन खाली बसली. मग एकदम उठली. "वापरलेलं पाह्यजे ना? मंग वापरू. हाय काय त्यात."

वर्षभराचा वापर दहा दिवसांत उरकायचा म्हणजे माणसं हवीत. आम्ही अख्ख्या गल्लीला जेवायला बोलावलं. सकाळी वरण-भात, संध्याकाळी पिठलं-भाकर. कढई चुलीवर चढली ती उतरेचना. शकुंतला राखेत वाळू मिसळून एकेक ताट घासत होती, चकाकी जावी म्हणून! आयुष्यभर भांडी चकचकीत ठेवणारी बाई, पण त्या दिवसांत एखादं ताट चमकलं की तिला राग यायचा. लोक विचारत, "गुरुजी, कायचं जेवन हाय?" मी सांगायचो, "कस्टमचं." पाचव्या दिवशी कोणी विचारेना, वेळेवर येऊन पंगतीत बसू लागले. दहाव्या दिवशी भांडी अशी दिसत होती की माझ्या आजीनं आंदणात आणली असावीत.

ट्रक आला. श्रीनिवासनं कढई उचलली, हात काळा झाला. बुडाशी थोडं पिठलंही चिकटलं होतं.

"सार, ये क्या किये?"

"वापरा," मी अभिमानानं म्हणालो.

"अरे सार, वो लोगां मिट्टी देखे, अनाज का दाना देखे तो पूरी पेटी रोकते. पुराना होना, मगर एकदम साफ होना."

म्हणजे वर्षभर वापरा, पण वापरल्याचं कळू देऊ नका. ट्रक दारात उभा, आणि शकुंतला, सुजाता आणि मी ओळीनं बसून तीच भांडी पुन्हा चकचकीत करत होतो. पुसता पुसता श्रीनिवासनं एक ताट उलटं केलं.

"ये क्या लिखे, सार?"

आता बघा. त्याचं शिक्षण सगळं तेलुगूत. त्याला आपले आकडे लागत नव्हते. मी 'देवाचं नाव' म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण माझं अक्षर कोणी आपण होऊन विचारतंय म्हटल्यावर मी चष्मा लावला, ताट हातात घेतलं आणि मजकूर खड्या आवाजात वाचून दाखवला. हिंदीत अर्थ सांगितला. शेवटी तारीखही वाचली.

श्रीनिवासनं डोळे मिटले. "मैं सुना नहीं, सार."

शकुंतला मला आत घेऊन गेली. "अवो, एक आकडा बदलवा. एका रेघेचं काम हाय. मांगचं साल करून टाका."

"शकू, तीस वर्षं हजेरीपटात खाडाखोड केली नाई."

"हजेरीपट काय पोरीसंगं चालला काय?"

पण मी ऐकलं नाही. श्रीनिवास म्हणाला, निदान कस्टमला द्यायच्या यादीत मोघम लिहा: स्वयंपाकाची भांडी, जुनी, एक्केचाळीस. एक ओळ पुरे. मी यादी लिहायला बसलो आणि ती एक ओळ काही माझ्या हातून लिहवेना. मी एक्केचाळीस ओळी लिहिल्या. इंग्रजीत, वळणदार. 'ताट, एक. त्यावरील मजकूर असा...' आणि मग पूर्ण भाषांतर, गाव, जिल्हा, तारखेसकट. चमच्यांचीसुद्धा. लोक म्हणतात गुरुजी फार सचोटीचे. खरं सांगतो, सचोटी मला नंतर सुचली. आधी सुचलं ते हे, की तिकडच्या साहेबाला नुसती 'भांडी' म्हणून कसं कळणार काय ऐवज आहे ते!

दोन महिन्यांनी सुजाताचा फोन आला.

"बाबा, पेटी अडकवली होती. कस्टमच्या बाईनं मले बोलावलं. म्हने, सगळं नवीन हाय असं तुमच्या वडलांनीच लिहून देल्लं हाय, आमाले तपासाचं कामच पडलं नाई."

शकुंतला रिसीव्हरला कान लावून उभी होती.

"मंग?"

"मंग तिनं एक ताट मले वाचाले लावलं. मी वाचलं. आजीच्या ताटाचंबी सांगतलं. तिनं ऐकून घेतलं आनि ड्यूटी भराले लावली."

"आनि भांडे?"

"आले घरी. आत्ता त्यातच जेवून राह्यलो आमी."

शकुंतलानं डोळ्यांना पदर लावला. मी तरीही विचारलंच, "अक्षराचं काई म्हनली काय ती बाई?"

"म्हनली. इतकी सुंदर कबुली आजपर्यंत कोनी देल्ली नाई म्हने."

त्यानंतर दोन दिवस शकुंतला माझ्याशी बोलली नाही. मी मात्र ते वाक्य सगळ्या गल्लीला सांगितलं. (जेवायला होते सगळे, त्यांचा हक्क होता.)

तीन वर्षांनी सुजाता पहिल्यांदा माहेरी आली. मी तिला आणायला हैदराबादच्या विमानतळावर गेलो होतो. घरी आल्यावर तिनं बॅगेतून स्टीलची किटली काढून माझ्या हातात दिली. बुडाशी तिनं स्वतः घातलं होतं: 'बाबांना, सुजाताकडून.' वळण हुबेहूब माझं. आई फिरवायची तसं मी त्यावरून बोट फिरवलं. मग किटली उलटीसुलटी करून बघितली.

"तारीख कुठं हाय?"

"मुद्दाम घातली नाई, बाबा. तुमी विमानतळावर येनार होते. कस्टमवाल्याले तुमीच बोलावून वाचून दाखवली असती."

रविवारी बाजारातून मशीन मागून आणली आणि तारीख घालून टाकली.