ताटाची डावी बाजू

दसऱ्यानंतरचा रविवार, दुपार. डिचोलीला भावाचं घर. हजर: आई, धाकटा भाऊ, भावजय आणि मी.

आईला न्यायला मी पेडण्याहून गाडी घेऊन आले होते. मेंदूचा झटका आल्यावर ती हॉस्पिटलातून थेट इथे आली, आणि तेव्हापासून फोनवर तिची एकच तक्रार होती. सून वरणभात, भाजी वाढते. लोणचं, कोशिंबीर, पापड मात्र देत नाही. शेजारणीलाही तिनं हे सांगून टाकलं होतं. पिशवी भरून दाराशी तयार. भाऊ कोणाच्याच बाजूने बोलत नव्हता. मी औषधं तपासून घेतली, तशी भावजय म्हणाली, "न्हेवा तुमी, ताई. पण आधी त्येंका जेवताना बघा, मगे न्हेवा."

तिनं माझ्यासमोर ताट वाढलं. डावीकडे लिंबू, काकडीची कोशिंबीर, तोरांच्या, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांच्या, लोणच्यातली एक कैरी, भाजलेला पापड. मध्ये भात. उजवीकडे वरण आणि मुगाची उसळ.

उसळ संपली. भात अर्धाच गेला. उरलेला अर्धा विळीवर चिरल्यासारखा उभा. आईनं हात थांबवला.

"बघलंस? लोणचा नाय, काय नाय. ह्या घरात माजी इतकीच किंमत."

भावजयीनं मान खाली घातली. लोणचं ताटात आहे, असं मी सांगितलं तेव्हा आईनं पुन्हा ताटात पाहिलं, पण उजवीकडेच. खोटं बोलतानाचा तिचा चेहरा मी ओळखते. तो हा नव्हता.

मी ताट फिरवलं. डावं उजवीकडे आलं. आईनं आधी कैरी उचलली, मग कोशिंबीर, मग राहिलेला भातही संपवला. पापड मोडता मोडता म्हणाली, "लेक इली तेव्हा बरा सगळा आठावला हिका."

भावजय उठून आत गेली. भावानं पिशवी उचलून खोलीत ठेवली.

संध्याकाळी मी डॉक्टरांना फोन केला. अशा झटक्यानंतर काहींना डावीकडचं जाणवतच नाही, मध्येच ताट फिरवत जा, म्हणाले. भावजय आता रोज फिरवते. आई तिथेच राहिली आहे, पण फोनवर मला सांगते, तू येऊन गेल्यापासून ती नीट वाढते.

ती पहिल्या दिवसापासून वाढत होती, हे आईला सांगायला मी दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा तिनं विषय बदलला. सांगायचं राहिलंय.