एंगेज टोन

ताई परदेशातून ऑनलाइन यायची ती आमच्या संध्याकाळी, म्हणजे तिथलं वाचनालय सकाळी उघडलं की. तिला घरून फोन करायची सोय नव्हती. नवरा शेजारी उभा राहून ऐकायचा. तो तिच्यावर हात उगारतो हे आम्हाला नुकतंच कळलं होतं. तिने तिथून निघून नाशिकला यावं म्हणून मी आणि आई तिच्या मागे लागलो होतो. पण तिने स्वतःच्या मर्जीने लग्न केल्यापासून बाबा तिच्याशी एक अक्षर बोलले नव्हते, आणि तिचं पाऊल तिथेच अडलं होतं.

नेमका तेव्हाच आमचा मेसेंजर दगा द्यायला लागला. ताईचं नाव दिसायचं, दोन ओळी यायच्या, की एररची ती राखाडी चौकट हजर. तेव्हा इंटरनेट फोनच्याच लाइनवरून यायचं; पुन्हा डायल करा, पुन्हा मोडेमचं केकाटणं ऐका. तोवर ताई उठून गेलेली.

मी विंडोज नव्याने टाकलं. मोडेमचा ड्रायव्हर काढला, परत घातला, वायर बदलली. मग स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या फोनवर संशय घेऊन आईवर डाफरले. तिने बिचारीने तो रिसीव्हर माझ्या जुन्या रिबिनीने बांधूनच टाकला. तरी एरर होतीच.

मेसेंजरवर एक बॉट होता. काहीही लिहा, लगेच इंग्रजीत उत्तर. ताईची वाट बघताना मी त्याला काहीबाही विचारत राहायचे. तो गप्प झाला की समजायचं, लाइन गेली. ‘तुझा दिवस कसा गेला?’ असं तो विचारायचा तेव्हा त्याच्या एक कानाखाली द्यावीशी वाटायची. सकाळी-दुपारी मेला अखंड बडबडायचा, संध्याकाळीच मुका व्हायचा. रविवारी मात्र संध्याकाळीही नीट बोलला, पण रविवारी ताईचं वाचनालय बंद.

बाबा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात होते, तेव्हा दुसरी पाळी चालू होती, दुपारी जायचे ते रात्री यायचे; सुट्टी रविवारची. घरात असले आणि ताईचं नाव निघालं, की चपला घालून बाहेर पडायचे. त्यांच्याकडून मला काडीची आशा नव्हती.

एका संध्याकाळी ताईने लिहिलं, ‘मी आले तर बाबा मला’ आणि चौकट आली. मी कीबोर्डवर मूठ आपटली. आई म्हणाली, पोरीला वाटेल आपणच उत्तर टाळलं. ती जेवलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना बाबांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, “आपला फोन बिघडलाय का? संध्याकाळी एंगेज लागत नाही. नुसती रिंग जाते.”

एंगेज लागायला कशाला हवा, मी विचारलं.

“लागला की कळतं, ती बोलतेय,” बाबा म्हणाले. “रिंग आली की मी लगेच ठेवतो. थोड्या वेळाने परत लावतो.”

आईने कप खाली ठेवला. अडीअडचणीत ताईने बाहेरून कुठून फोन केला आणि लाइन एंगेज मिळाली असं कधी होऊ नये, म्हणून तिनेच मध्यंतरी कॉल वेटिंग घेतलं होतं. बाबांना सांगायचं राहून गेलं होतं. आता एंगेज लागणारच नव्हता; बाबांना रिंग ऐकू यायची आणि आमच्या लाइनवर बारीकशी पीप पडायची. माणसाला ती चालते, मोडेमला चालत नाही. ताई बोलतेय का हे बघायला बाबा रोज कामावरून फोन लावत होते आणि प्रत्येक वेळी तिचंच बोलणं तुटत होतं.

मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. त्या दिवशी त्यांनी पाळी बदलून घेतली आणि संध्याकाळी माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

ताईने आल्या आल्या कालचंच वाक्य पुरं केलं: बाबा मला घरात घेतील का? इंग्रजी अक्षरांतलं ते मराठी बाबांनी ओठ हलवत वाचलं.

“लिही,” ते म्हणाले, “बाबा इथे बसलेत. कधी येतेस, विचारतायत.”

मी लिहिलं. उत्तर येईना. बाबा पडद्याकडे बघत राहिले, मग हळूच म्हणाले, “गेली का लाइन?”

मी बॉटला हॅलो केलं. त्याचं उत्तर लगेच आलं. लाइन चालू होती, ताईचं नावही पडद्यावर तसंच होतं.