सव्वादोननंतरचा तास

इरा, तुझ्या पाठीवर दप्तर होतं. आजोबा गेल्याचं तुमच्या बाबांनी सांगितलं तेव्हा तुमच्याकडे शाळेला निघायची वेळ झाली होती आणि इथे सोलापुरात नुकते संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. फोनवर तू रडली नाहीस. एवढंच विचारलंस, “आजी, आजोबांना हवा कमी पडली का?” मी लगेच म्हणाले, “नाही गं, मशीन चालू होतं.” त्या दिवसापुरतं ते खरं होतं. पण तू विचारलंस आणि माझ्यापुढे त्याच्या आठ दिवस आधीची एक दुपार उभी राहिली. त्या दुपारचं उत्तर मला तेव्हा माहीत नव्हतं. आता सहा आठवडे झालेत, उत्तर मिळालंय, म्हणून तुला आणि अनयला नीट लिहून ठेवते…

तुमचे आजोबा सांगोल्याचे. डिप्लोमा करून सोलापुरात आले आणि ऑक्सिजनचे सिलिंडर भरण्याच्या कारखान्यात सुपरवायझर होऊनच निवृत्त झाले. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, तेही इंग्रजीतून. मला बघायला आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, सध्या वर्गात काय चाललंय. मी म्हटलं, आदर्श वायू. “कुठं मिळतो?” “कुठंच नाही.” “मग शिकवता कशाला, बाई?” “गणित सोपं होतं म्हणून.” ते इतके हसले, की माझे वडील आतून बघायला आले. त्या दिवसापासून मी त्यांची ‘बाई’ झाले ती शेवटपर्यंत.

अनय, गेल्या दिवाळीत तू मला विचारलं होतंस, की खरे वायू सूत्राप्रमाणे का वागत नाहीत. मी सुरुवात केली आणि आजोबांनी फोन ओढून घेतला. “आजीच्या पुस्तकातल्या कणांना अंग न्हाय आन् वळख न्हाय. भिंतीवर आदळायचं, माघारी फिरायचं. हवा विरळ असंल तर चालतंय ते. पण सिलिंडरमदी दाबून भरली, की कण जवळ येतेत, एकमेकाला वढतेत. ज्याला मागनं कुणी वढतंय तो भिंतीवर जोरानं कसा आदळंल? म्हणून काटा दाखवतो त्यापेक्षा आत माल जरा जास्तच असतो.” मी मागून ओरडले, “आणि फारच दाबलं तर?” “तर जत्रा! मग अंगाला अंग लागतं, जागाच उरत न्हाय, सगळं उलटं होतं. पण तेवढं आमी दाबत न्हाय की.” तीस वर्षं मी हेच फळ्यावर शिकवत होते, सूत्रातल्या दोन दुरुस्त्यांसह: एक कणांच्या ओढीची, एक त्यांच्या जागेची. पण त्यांच्या तोंडून ऐकलं की वाटायचं, हा माणूस सिलिंडरच्या आत जाऊन आलाय.

मग त्यांची फुप्फुसं थकली. घरात हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन आलं आणि वीज गेली तर म्हणून दोन छोटे सिलिंडर. ते आणून द्यायचा सलीम. एकेकाळी आजोबांच्या हाताखाली शिकलेला, आता भवानी पेठेत त्याचं स्वतःचं दुकान आहे. माझा स्वभाव तुम्ही जाणता. मी भिंतीवर तक्ता लावला: काट्यावर एवढा दाब, मिनिटाला दोन लिटर, तर सिलिंडर किती वाजता संपेल. अर्थात सोप्या सूत्राने. दोन्ही सिलिंडरांच्या गळ्यात पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या बांधल्या, ‘भरलेला’ आणि ‘रिकामा’. आजोबा म्हणायचे, “चिठ्ठी बघू नको, पान्यानं ठोकून बघ. भरलेला मुका असतो, रिकामा बोलतो.” कारखान्यात सगळे तसंच करायचे. मी म्हणायचे, “चिठ्ठी आहे ना, ठोकायचं कशाला?”

आजोबा जायच्या आठ दिवस आधी, पहाटे वादळात कुठेतरी तारा तुटल्या आणि वीज गेली. सव्वाचारला सिलिंडर जोडला. तक्त्याप्रमाणे तो दुपारी सव्वादोनला संपणार होता. दुपारी दोनला मी दुसरा सिलिंडर पलंगाजवळ ओढला, किल्लीने उघडून पाहिला. फुस्स झालं नाही. काहीच झालं नाही. मग पाना घेतला आणि ठोकला… आणि तो देवळातल्या घंटेसारखा वाजला. उन्हामुळे पडदे ओढलेले, पंखे थांबलेले, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि तो नाद संपतच नव्हता. चिठ्ठी मीच बांधली होती. गेल्या खेपेला रिकामा समजून सलीमला जो परत दिला, तोच भरलेला होता.

आजोबांनी डोळे उघडले. “बोलला का?” एवढंच म्हणाले.

मी गॅलरीत जाऊन सलीमला फोन लावला. तो टेंभुर्णीहून परत येत होता. “भाभी, मोहोळ सोडलंय. दुकानातून सिलिंडर उचलतो आन् येतो. एक तास धरा.” रुग्णवाहिकेचा फोन लागला तर गाडी बाहेरगावी. आपण तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. मी आत आले तेव्हा सव्वादोन वाजले होते.

काटा शून्याच्या किंचित वर होता. पाण्याच्या बाटलीतून ऑक्सिजन येत होता, त्याचे बुडबुडे चालू होते. आजोबा म्हणाले, “तुझं सूत्र संपलं. आता माझी हवा सुरू. घाबरू नको.” मी खुर्ची ओढून काट्यावर डोळे लावून बसले. अडीच झाले. पावणेतीन. बुडबुडे चालूच होते, पण फार सावकाश. एक फुटला की दुसऱ्याची वाट पाहावी लागे. आणि मग ते दाराकडे बघून म्हणाले, “कोण आलंय बघ की.” मी वळून पाहिलं. दार बंद होतं. “कुणी नाही हो.” “हायत की. लाईनीनं उभे हायत, सिलिंडर घिऊन. आत घे त्यांना, उन्हात हायत.” आवाज अगदी रोजचा होता, पाव्हण्यांना पाणी दे म्हणावं तसा. मी उठले आणि दार उघडलं. जिन्यात कुणीही नव्हतं. तरी बाजूला सरून मी वाट करून दिली… का, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांना मात्र बरं वाटलं. “या,” म्हणाले.

तीन वाजून वीस मिनिटांनी सलीम धापा टाकत जिना चढून आला. त्याने नवा सिलिंडर आधी ठोकला, मगच जोडला. पाच मिनिटांत आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, “बाई, चहा कर की. दार कशाला उघडं टाकलंय?”

आठ दिवसांनी ते गेले, झोपेत, मशीन चालू असताना. दिवसकार्य उरकल्यावर मी वही काढली. या वेळी दोन्ही दुरुस्त्या धरून, खऱ्या वायूचं गणित मांडलं. कणांच्या ओढीमुळे तक्त्यापेक्षा अर्धा तास जास्त मिळतो. अर्धाच तास. पण ते त्यानंतरही पस्तीस मिनिटं श्वास घेत होते. मी तीनदा मांडलं, तीनदा तेच आलं. ती पस्तीस मिनिटं कुठल्याच सूत्रात बसत नव्हती आणि खरं सांगते, दुपारी त्या खोलीत जायला मला भीती वाटू लागली.

गेल्या आठवड्यात सलीम सिलिंडर परत न्यायला आला. मी त्याला वही दाखवली. त्याने ती मिटून माझ्या हातात परत दिली. मग म्हणाला, “भाभी, साहेबांनी कसम घातली होती. मी आलो तवा हवा सोडायचा नॉब दोन लिटरवर नव्हता. एकवर होता. मी दोनवर केला तर साहेबांनी ओठावर बोट ठेवलं.”

मी गॅलरीत फोन करत होते, तेव्हा त्यांनी तो फिरवला असणार. हवा निम्मी केली की वेळ दुप्पट होते. तेवढं गणित मलाही येतं. सलीम येईपर्यंत बुडबुडे थांबू नयेत, माझ्या चिठ्ठीमुळे सिलिंडर संपलेला मला बघावा लागू नये, म्हणून ते तासभर अर्ध्या हवेवर बसून राहिले. दारातली ती माणसं त्या अर्ध्या हवेतूनच आली होती.

तर इरा, हो. त्या दुपारी हवा कमी पडली. त्यांनी ती स्वतः कमी केली होती, माझ्यासाठी.

आता मी दुपारी त्या खोलीत बसते. दार उघडं ठेवते. त्यांनी आत घ्यायला सांगितलं होतं ना. परवा समोरच्या बाई डोकावल्या, म्हणाल्या, “आजी, कुणी यायचंय का?” उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. मग लक्षात आलं… कितीतरी वेळ मी अर्धाच श्वास घेत बसले होते.