नावं घ्यायची जागा

हॅलोभाऊ "हॅलो" म्हटल्याशिवाय एक वाक्य बोलत नसत. फोनवर आपण सगळेच म्हणतो, पण हे चहा मागतानाही म्हणायचे. समोर टेबल असो, दार असो नाहीतर एसटीच्या सीटची पाठ, आधी तिच्यावर दोन टिचक्या मारायच्या, "हॅलो, हॅलो" करायचं आणि मग काय ते बोलायचं. जन्म सगळा अमळनेरच्या एका बँडपार्टीत गायक म्हणून गेला होता. ढकलगाडीवर कर्णे, मागे जनरेटर, हातात माईक आणि पुढे नाचणारी वरात. माझ्या नव्याकोऱ्या माईकवरही त्यांनी आल्या आल्या तशाच दोन टिचक्या मारल्या. हेडफोन माझ्या कानात होता. त्या दिवशी मी त्यांच्याशी नीट बोललो नाही.

स्टुडिओ म्हणजे धुळ्यातल्या आमच्या घरातली माझी झोपायची खोली. खिडकीला गादी टेकवलेली, भिंतींवर आईच्या गोधड्या, पलंगावर लॅपटॉप. पंख्याचा आवाज माईकमध्ये येतो म्हणून गाणं चालू असताना पंखा बंद. भर उन्हाळ्यात त्या खोलीत माणूस उकडून निघायचा. पलीकडेच स्वयंपाकघर, त्यामुळे आई कुकर लावणार आहे का, हे विचारूनच मला टेक घ्यावा लागायचा. अशा खोलीत अहिराणी गाणी रेकॉर्ड करून मी यूट्यूबवर टाकायचो. गायक भेटायचे, जायचे. पण मला जेवढं रडवलं तेवढं फक्त हॅलोभाऊंनी.

ते आले त्याचं कारण साधं होतं. त्यांच्या मुलीचं, वैशालीचं लग्न ठरलं होतं, नवरदेव पिंपळनेरचा. बँडपार्टी केव्हाच बंद पडली होती आणि वरातीत डीजे येणार होता. "आख्खा खान्देशना नवरदेव मी नाचाडात," ते म्हणाले. "मनी पोरना लगीनमा मी काय करसू? फेटा बांधीसन दारमा उभा ऱ्हासू. बापले गाता येत नही, भो. म्हनीसन आवाज भरी ठेव." मुलीचा बाप वरातीत गाऊ शकत नाही, त्याने मांडवाच्या दारात हार-नारळ घेऊन व्याह्यांची वाट बघायची असते. म्हणून त्यांना स्वतःचं, स्वतःच बांधलेलं एक गाणं हवं होतं. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत ते वाजलं की झालं. त्यांचं दुसरं काही मागणं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी त्यांना हेडफोन घातला, एक ओळ गाऊन घेतली आणि तीच त्यांना ऐकवली. कोरी, जशीच्या तशी. भाऊंनी हेडफोन काढून हातात धरला.

"हाऊ कोन शे?"

"तुम्हीच, भाऊ."

"मी नही. हाऊ म्हातारा शे."

इतकी वर्षं त्यांनी स्वतःचा आवाज कर्ण्यातून, घुमत, समोरच्या घरांवर आपटून परत आलेला ऐकला होता. घुमारा काढल्यावर खाली काय उरतं, ते त्यांना कुणी कधी दाखवलंच नव्हतं. ते उठून निघाले. आईने चहाचं निमित्त करून थांबवलं म्हणून, नाहीतर गाणं तिथेच संपलं असतं. मग मी त्यांच्या हेडफोनमध्ये भरपूर इको टाकला. "आते मी शे," असं म्हणून ते परत उभे राहिले.

पण गायला समोर माणसं लागायची. समोर होतं माझं कपाट. "आठे मानसंच नहीत. मी कोनले गाऊ?" म्हणून आईला दारात उभं केलं. आईकडे बघून भाऊ असे काही रंगले, की कडवं संपताच वरातीतल्या सवयीने ओरडले, "हॅलो, नवरदेवना मामा, पुढे या!" आणि आई खरोखरच एक पाऊल पुढे आली. बांगड्या वाजल्या, टेक गेला. असे किती टेक गेले, ते मी मोजायचं सोडून दिलं होतं.

हे पुकारणं त्यांच्या अंगातच होतं. कडवं संपलं की नुसती ढोलकी चालते, तेवढ्यात बँडच्या गायकाने मामा, काका, मित्रमंडळ यांची नावं घ्यायची आणि ज्याचं नाव घेतलं त्याने पुढे येऊन नाचायचं. माझ्या खोलीतही ते दर कडव्यानंतर नावं घेत. कुठकुठल्या जुन्या लग्नांतली, त्यातले निम्मे आता हयातही नसतील. मी म्हणायचो, भाऊ, हे रेकॉर्डिंग आहे, इथे कुणी पुढे येणार नाही. ते हो म्हणायचे आणि पुढच्या कडव्याला पुन्हा "हॅलो".

शेवटी मी सांगितलं की नावं कापतो आणि ती रिकामी जागाही कापतो. घरी बसून गाणं ऐकणारा माणूस नुसती ढोलकी ऐकत बसत नाही. तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "नावं काढी टाक. जागा ऱ्हाऊ दे. ती नावं घेवानी जागा शे." मी त्यांना खूप समजावलं. ते ऐकायला तयार नव्हते आणि माझ्याही अंगात वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं.

पुढे आवाजाची साफसफाई. सुटलेले सूर मी ओढून जागेवर आणले, ते त्यांना कळलं नाही. पण दोन ओळींमध्ये ते जो मोठा, सुस्कारल्यासारखा श्वास घेत, तो काढून टाकलेला त्यांना लगेच कळला. "श्वास कोठे गया? गानारा मरी गया का मधमा?" ते अगदी गंभीर होते. मी सगळे श्वास एकेक करून परत लावले. या माणसाचं लग्नातलं गाणं एकदाचं हातावेगळं व्हावं, एवढीच तेव्हा माझी इच्छा होती.

लग्नाला मी अमळनेरला गेलो. मारुतीच्या देवळापाशी डीजेवाल्याने पेनड्राइव्ह लावला आणि भाऊंचा आवाज निघाला. पोरं नाचू लागली. कोण गातंय ते कुणी विचारलं नाही, आणि मला ते फार लागलं. मांडवाच्या दारात भाऊ फेटा बांधून उभे होते, हातात हार आणि नारळ. वरात मांडवाशी पोचली तेव्हा गाणं पुन्हा पहिल्यापासून लागलं होतं. पहिलं कडवं संपलं, नुसती ढोलकी उरली, आणि भाऊ दारातून माईकशिवाय ओरडले, "हॅलो, नवरदेवना मामा, पुढे या!" मामा आले, नाचले. दुसऱ्या कडव्यानंतर काका. वरातीला आता समजलं की गाणारा हाच आहे, आणि लोक त्यांच्याकडे वळून बघायला लागले.

तिसऱ्या जागेला ते थांबले. हातातल्या नारळावर दोन टिचक्या मारल्या.

"हॅलो, हॅलो. वैशाली. मनी पोर वैशाली."

वरातीत नवरीचं नाव कुणी पुकारत नाही. इतक्या वरातींत त्यांनीही कधी पुकारलं नसेल. माझ्या खोलीत त्यांनी अर्ध्या खान्देशची नावं घेतली, पण हे नाव तिथे एकदाही घेतलं नव्हतं. मला रडू आलं, आणि इतक्या टेकमध्ये हे एकदा तरी म्हणायचं होतं ना, म्हणून रागही आला.

पुढच्या हिवाळ्यात भाऊ गेले. काही दिवसांनी वैशालीचा फोन आला. नवरदेवाच्या एका मित्राने ती वरात मोबाइलवर टिपली होती, ती तिने मला पाठवली. "दादा, बाबानी मनं नाव लिधं ना, तेवढं साफ करी द्या."

मी बसलो. मित्र नेमका डीजेच्या जनरेटरला खेटून उभा होता. जनरेटरची घरघर आणि भाऊंचा आवाज एकाच पट्टीत. घरघर कमी केली की आवाजही जातो. ढोलकी काढली की "हॅलो"च जातो. तासन्‌तास खपून मी शेवटी एक स्वच्छ तुकडा काढला आणि तिला पाठवला. थोड्या वेळाने तिचा फोन आला.

"हाऊ कोन शे, दादा?"

मी म्हणालो, "बाबाच आहेत." तिच्याजवळ होतं तेच रेकॉर्डिंग राहू दे, जनरेटरसकट, असं मीच मग तिला सांगितलं.

मी मात्र ती फाइल अजून पुसलेली नाही. नवं काही शिकलो की उघडतो, जनरेटर थोडा खाली ओढतो, वैशालीचं नाव विरघळायला लागतं, आणि चिडून सगळं पुन्हा होतं तिथे आणून ठेवतो.