घड्याळजींचे अकरा ससाणे

पडदा सरकतो तो धुक्याचा. आधी दिसतो एक लोखंडी खांब, मग त्याच्या पायाशी सपाट दगड, आणि त्या दगडावर कानटोपी घातलेली, दुर्बीण छातीशी धरलेली एक किरकोळ मूर्ती. हे आमचे घड्याळजी. थंडीची चाहूल लागली की दीड महिना रोज सकाळी साडेसातला त्यांचा कड्यावर प्रवेश व्हायचा, आणि तेवीस वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

चाळीस वर्षं त्यांनी दुकानामागच्या खोलीत उजव्या डोळ्यात भिंग अडकवून घड्याळं दुरुस्त केली. स्क्रू घरंगळून जाऊ नये म्हणून टेबलाला चारी बाजूंनी पट्ट्या मारलेल्या. केसाएवढी स्प्रिंग हेरणारा तोच डोळा कड्यावर ढगाच्या पोटातला ससाणा हेरायचा. उत्तरेकडचे शिकारी पक्षी या कड्यावरूनच दक्षिणेला जातात. ते मोजायचे, वहीत लिहायचे आणि संध्याकाळी आकडा इतर डोंगरांवरच्या मंडळींना कळवायचा.

मोजणीचे नियम कडक होते. पक्षी घिरट्या घालत असेल तोवर मोजायचा नाही; खांबाची रेषा ओलांडली की मोजायचा. आणि एकट्याच्या शब्दावर कधीच नाही. एकाने हात लांब धरून, पक्षी खांबापासून किती बोटं दूर ते मोजत हाक द्यायची, दुसऱ्याने बघून ‘आहे’ म्हणायचं, मगच दगडावर बसलेल्याने हातातल्या यंत्राचा खटका दाबायचा. ते यंत्र घड्याळजींनीच तीनदा उघडून नीट केलेलं. दगड त्यांचा, खटका त्यांचा.

मग आले साडूभाऊ. बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, सारा जन्म लांब पल्ल्याची बस चालवलेले. नजर अशी, की समोरचं वळण दोन मैल आधी दिसावं. आणि तोंड? “बघा बघा, हा गरुड पुढच्या थांब्याला उतरणार! मागे सरका, मागे जागा आहे!” असं ओरडले की सगळा कडा हसायचा. वही लिहिणाऱ्या बाई, एरवी शाळेच्या मुख्याध्यापिका, चष्मा काढून डोळे पुसायच्या. चहाचा थर्मास आधी साडूभाऊंकडे जाऊ लागला. आणि या वर्षी बाई सहज बोलून गेल्या, “पुढच्या हंगामात दगडावर कोणी बसायचं, ते शेवटच्या दिवशी ठरवू.”

घड्याळजींच्या तोंडाची चव गेली.

“जळता तुम्ही त्यांच्यावर,” बायको डबा भरताना म्हणाली.

“मी? त्या बसवाल्यावर?”

“हो. झाकण इकडे द्या, चेपून टाकाल.”

तो शेवटचा दिवस; दुर्बिणी दोघांकडेच. तीन दिवस धुक्यात अडकलेले पक्षी वारा सुटताच लोटल्यासारखे निघाले. साडूभाऊंनी हाक दिली, “ससाणा एक! खांबापासून तीन बोटं उजवीकडे!” घड्याळजींनी दुर्बीण लावली. होता. स्वच्छ, टोकदार पंखांचा. रेषा ओलांडत होता.

“नाही दिसत,” घड्याळजी म्हणाले.

पक्षी गेला. खटका दाबला गेला नाही. तासाभरात आणखी दोनदा तसंच झालं. छातीत काहीतरी टोचलं खरं, पण जिभेवर गोडही लागलं, खोटं कशाला बोला!

दुपारी ऊन चढलं आणि घड्याळजींची वेळ आली. “ससाणा! फार उंचावर, चार बोटं डावीकडे!”

साडूभाऊ बघत राहिले. मान मागे टाकली, दुर्बीण पुसली, पुन्हा बघितलं.

“काय ड्रायव्हरसाहेब, काच धुरकट झाली का?”

“आहे,” साडूभाऊ म्हणाले.

टिक. मग दुसरा. “आहे.” टिक. चार वाजेपर्यंत घड्याळजींच्या एकट्याच्या हाकेवर अकरा ससाणे झाले. बाई म्हणाल्या, “एका दिवसात एवढे उंचावरचे? कमाल केलीत. सही करा इथे.”

घड्याळजींनी वही मांडीवर घेतली. सहीची जागा कोरी, पांढरीशुभ्र. आणि त्या पानावरून, टोकदार पंखांचा, काळसर, त्यांचा ससाणा संथपणे डावीकडे गेला.

त्यांनी डोळा मिटला, उघडला. तो परत आला. डावा डोळा मिटून बघितलं, तरी होता. उजवा मिटला, तेव्हा गेला.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“साडूभाऊ, खरं सांगा. माझ्या अकरांतले तुम्हाला किती दिसले?”

साडूभाऊंनी हनुवटी खाजवली. “एकही नाही.”

“मग ‘आहे’ कशाला म्हणालात?”

“तेवीस वर्षं बघताय तुम्ही! तुम्हाला दिसतंय आणि मला नाही, हे चारचौघांत सांगू? पहिल्या दिवसापासून जळतोय मी तुमच्यावर. म्हटलं, मेलो तरी ‘नाही दिसत’ म्हणायचं नाही.”

घड्याळजींना हसू आलं. गप्प बसले असते तर कोणाला काही कळणार नव्हतं.

“बाई, ते अकरा खोडा. ते आकाशात नव्हते, माझ्या डोळ्यात होते. आणि यांचे सकाळचे तीन लिहा. मला दिसले होते. मी नाही म्हणालो.”

बाईंनी अकरांवर रेघ मारली. मग घड्याळजींकडे बघत म्हणाल्या, “मागून आकडा वाढवता येत नाही. ते तीन गेले.”

घड्याळजी दगडावरून उठले. यंत्र साडूभाऊंच्या हातात ठेवलं, आणि त्यांच्या जाडजूड अंगठ्याकडे बघून पुन्हा जळले. एका कबुलीने ते विझणारं नव्हतं. शेजारच्या खडकावर टेकून त्यांनी दुर्बीण लावली.

ऊन उतरत होतं. “गरुड एक!” साडूभाऊ ओरडले. “उजवीकडे! निघाला!”

घड्याळजींनी शोधलं. उजवीकडे नुसता झगमगाट होता. परतफेडीचं एक ‘आहे’ अगदी ओठांपर्यंत आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

“नाही दिसत मला. खांबापासून किती बोटं, ते सांगा. लवकर!”